कार्यालयातील भित्तिचित्र : अलंकरणाचा एक विचार

१

भित्तिचित्रकलेचा विचार मराठी समीक्षेत सामान्यतः अजिंठ्यापासून सुरू होतो आणि बहुधा तेथेच संपतो. फार तर मेणवली येथील नाना फडणिसांच्या वाड्यातील चित्रांचा ओझरता उल्लेख पुढे येतो. विसाव्या शतकात जी भित्तिचित्रे निर्माण झाली त्यांतील बराच मोठा भाग लेण्यांसाठी, देवळांसाठी किंवा वाड्यांसाठी नव्हे, तर कचेऱ्यांसाठी निर्माण झाला, ही वस्तुस्थिती मात्र अभ्यासकांच्या नजरेतून निसटलेली दिसते. सचिवालये, टपाल कचेऱ्या, विमा कंपन्या, संशोधनसंस्था यांच्या भिंतींवर नामवंत चित्रकारांनी काम केले. परंतु त्या कामाची चर्चा एक तर त्या चित्रकाराच्या चरित्रात होते, नाही तर ‘शोभेचे काम’ अशा एका शब्दात त्याची बोळवण होते.

प्रस्तुत लेखाचा हेतू या ‘शोभे’चीच तपासणी करण्याचा आहे. कार्यालयातील भित्तिचित्र अलंकारिक असते, हे मान्य केले तरी अलंकारिक म्हणजे गौण असे मानण्यास आधार आहे काय? आणि नसल्यास अशा चित्राचे मूल्यमापन कोणत्या कसोट्यांवर करावे? चित्रशाळेत टांगलेल्या चित्राला लावण्याच्या कसोट्या येथे जशाच्या तशा चालत नाहीत. चित्रशाळेत प्रेक्षक चित्रासाठी जातो. कचेरीत तो कामासाठी जातो आणि चित्र त्याला वाटेत भेटते. या एका भेदातून पुढील सर्व विवेचन निघते.

२

प्रथम ‘अलंकार’ या संकल्पनेकडे वळू. आनंद कुमारस्वामी यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखवून दिले आहे की, अलंकरण म्हणजे वस्तूला वरून चिकटवलेली शोभा हा अर्थ उत्तरकालीन आहे. ‘अलम्’ म्हणजे पुरेसे. अलंकृत करणे म्हणजे वस्तूला तिच्या कार्यासाठी पुरेसे, सिद्ध करणे. या अर्थाने पाहता अलंकारावाचूनची वस्तू साधी नसते, अपुरी असते. कुमारस्वामींच्या एकंदर परंपरानिष्ठ भूमिकेशी कोणी सहमत असो वा नसो, भित्तिचित्राच्या संदर्भात ही व्युत्पत्ती मार्गदर्शक ठरते. चित्रामुळे भिंतीला काय ‘पुरेपण’ आले, हा प्रश्न तिच्यामुळे विचारता येतो.

दुसरे टोक कांटचे. १७९० च्या ग्रंथात कांटने स्वायत्त आणि परायत्त सौंदर्य असा भेद केला आणि स्वायत्त सौंदर्याची उदाहरणे देताना भिंतीवरच्या कागदावरील पानाफुलांची नक्षी पुढे केली. ज्याला आपण सहज ‘नुसती शोभा’ म्हणतो, ते त्याच्या दृष्टीने कोणत्याही प्रयोजनाशी न बांधलेले सौंदर्य होते. उलट इमारतीचे सौंदर्य परायत्त, कारण इमारत कशासाठी आहे या कल्पनेवाचून तिची पूर्णता ठरत नाही. भित्तिचित्राची खरी अडचण येथे स्पष्ट होते. नक्षी म्हणून ते स्वायत्त होऊ पाहते आणि भिंत म्हणून परायत्त राहते. त्यातील कोणतीही एक बाजू पूर्णपणे सोडून देणे त्याला शक्य नाही.

मराठीपुरते पाहिले तर मर्ढेकरांच्या लयतत्त्वाची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. संवाद, विरोध आणि समतोल या नियमांनी कलाकृतीतील संवेदना परस्परांशी बांधल्या जातात, हे त्यांचे प्रतिपादन चौकटीतल्या चित्राला चपखल लागू पडते. परंतु भित्तिचित्राच्या बाबतीत ही लय कोठे संपते? भिंतीला दार असते, खिडकीतून येणारा उजेड असतो, जिन्याची तिरपी रेषा असते, खाली फरशीचा रंग असतो. हे सर्व चित्राच्या समतोलात भागीदार होतात, चित्रकाराची इच्छा असो वा नसो. म्हणून मर्ढेकरांचे नियम येथे नाकारण्याचे कारण नाही. त्यांची कक्षा चित्राच्या कडेपर्यंत न ठेवता खोलीच्या कडेपर्यंत न्यावी लागते, इतकेच.

या विवेचनातून तीन संबंध हाती येतात : चित्राचा भिंतीशी संबंध, पाहणाऱ्याच्या दृष्टीशी संबंध आणि त्या वास्तूत चालणाऱ्या कामाशी संबंध. ज्या चित्रात हे तीन संबंध जुळतात ते ‘भिंतीचे चित्र’. ज्यात ते जुळत नाहीत ते केवळ ‘भिंतीवरचे चित्र’. हा भेद माध्यमाचा नव्हे. ओल्या गिलाव्यावर काढलेले चित्रही भिंतीवरचेच राहू शकते, आणि कापडावर काढून चिकटवलेले चित्रही भिंतीचे होऊ शकते.

३

कार्यालयातील पाहणारा एक नसतो. अभ्यागत एकदाच येतो, काही मिनिटे थांबतो आणि जातो. अधिकारी आणि मालक ते चित्र ‘करवून घेतात’. कारकून, टंकलेखक, शिपाई आणि द्वारपाल मात्र त्याच्या सहवासात वीस-तीस वर्षे काढतात. आश्चर्य असे की, बहुसंख्य कार्यालयीन भित्तिचित्रे पहिल्यासाठी, दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढली जातात. तिसऱ्याचा विचार क्वचितच होतो. प्रवेशकक्षात चित्र आणि आत, जेथे प्रत्यक्ष काम चालते तेथे, कोरी भिंत, ही विभागणी आपण इतकी गृहीत धरली आहे की तिच्यात काही निवड आहे हेही जाणवत नाही.

या दृष्टीने अमेरिकेतील टपाल कचेऱ्यांचे उदाहरण बोलके आहे. महामंदीनंतर, १९३४ ते १९४३ या काळात, तेथील कोषागार खात्याच्या कलाविभागाने देशभरच्या टपाल कचेऱ्यांसाठी हजाराहून अधिक भित्तिचित्रे व शिल्पे करवून घेतली. चित्रासाठी ठरलेली नेहमीची जागा म्हणजे पोस्टमास्तरच्या खोलीच्या दारावरची भिंत. चित्राच्या मधोमध, खालून वर घुसणारी दाराची चौकट ही चित्रकाराच्या वाट्याला आलेली अट होती. ज्यांनी ती अडचण मानली त्यांनी दोन्ही बाजूंना दोन प्रसंग रंगवून मधली जागा कशीबशी भरली. ज्यांनी ती रचनेचा भाग मानली त्यांच्या चित्रात दारच आकृतिबंधाचा पाया झाले. तिकिटे घ्यायला आलेला शेतकरी आणि तिकिटे देणारा कारकून, दोघांच्याही नजरेसमोर ते चित्र रोज होते. म्हणूनच गावोगावच्या लोकांनी त्या चित्रांविषयी हिरिरीने मते मांडली, तक्रारीही केल्या. तक्रार करणे हेही पाहण्याचेच एक लक्षण होय.

याच काळात न्यूयॉर्कमध्ये उलट घडले. रॉकफेलर सेंटरमधील आर. सी. ए. इमारतीच्या प्रवेशकक्षात दिएगो रिव्हेरा याने रंगवावयास घेतलेल्या भित्तिचित्रात लेनिनची आकृती दिसताच १९३३ च्या मे महिन्यात काम थांबवण्यात आले आणि १९३४ च्या फेब्रुवारीत ते चित्र भिंतीवरून फोडून काढण्यात आले. पुढे त्या जागी होसे मारिया सेर्त याचे चित्र आले. या प्रकरणाची चर्चा कलावंताचे स्वातंत्र्य विरुद्ध मालकाचा हक्क अशीच आजवर झाली, आणि ती तशी होणे योग्यही आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातून आणखी एक गोष्ट दिसते. कार्यालयाच्या भिंतीवरील चित्र संस्थेच्या वतीने बोलते, असे सर्वजण धरून चालतात. चित्रकार मात्र स्वतःच्या वतीने बोलत असतो. हा ताण ज्या चित्रात मुळीच नाही ते बहुधा जाहिरात असते.

रिव्हेरानेच त्याआधी, १९२३ ते १९२८ या वर्षांत, मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयात शंभरांहून अधिक फलक रंगवले होते. तेथील जागा प्रवेशकक्षाची नव्हे, तर दोन चौकांभोवती फिरणाऱ्या तिन्ही मजल्यांवरील ओवऱ्यांची. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत कागद घेऊन जाणारा माणूस विणकर, रंगारी, खाणकामगार यांच्या आकृतींजवळून जातो. मंत्रालयाच्या कामाशी या चित्रांचा संबंध उघड होता. कारण ज्यांना शिक्षण द्यावयाचे ते लोकच भिंतीवर होते. विचारप्रणाली मान्य नसलेल्या पाहणाऱ्यालाही येथे एक गोष्ट नाकारता येत नाही : हे चित्र अभ्यागताला थोपवून धरत नाही, कामाच्या वाटेवर सोबत करते.

४

आता आपल्याकडील प्रयत्नांकडे वळू. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ पासून सुमारे तेरा वर्षे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. भित्तिचित्राचे आकर्षण त्या संस्थेत तेव्हापासूनचे. परंतु भित्तिचित्राचा स्वतंत्र वर्ग ग्लॅडस्टन सॉलोमन हे संस्थेचे प्रमुख असताना, १९२० च्या सुमारास सुरू झाला. नव्या दिल्लीची उभारणी चालू असताना या वर्गाला सचिवालयाच्या नॉर्थ ब्लॉकमधील एका समितीकक्षाच्या सजावटीचे काम मिळाले, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस ते पुरे झाले. लंडनमधील इंडिया हाउस १९३० साली उघडले. तेथील सजावटीसाठी निवडलेले रणदा उकील, धीरेंद्रकृष्ण देववर्मन, सुधांशुशेखर चौधुरी आणि ललितमोहन सेन हे चौघेही बंगाली चित्रसंप्रदायातले होते. मुंबईला डावलले गेल्याची भावना त्या वेळी तीव्र होती.

मुंबई आणि बंगाल यांच्या त्या वादात शैलीचा प्रश्न केंद्रस्थानी राहिला : प्रत्यक्ष मानवाकृतीच्या अभ्यासावर आधारलेली मुंबईची शैली अधिक भारतीय, की रेषाप्रधान बंगाली शैली? आज मागे वळून पाहता असे वाटते की, दोन्ही पक्षांनी एक प्रश्न विचारलाच नाही. ही चित्रे ज्या खोल्यांत होती तेथे बसणारा माणूस कोठे पाहतो? समितीकक्षातील सभासदाची नजर समोरच्या कागदांवर आणि समोरच्या माणसावर असते. इंडिया हाउसमधील घुमट पाहण्यासाठी मान मागे टाकून थांबावे लागते. घुमट आणि उंचावरच्या चौकटी हे चित्रकाराला मिळालेले मानाचे स्थान होते, पण ते नजरेच्या वाटेवरचे स्थान नव्हते. मानाची जागा आणि दिसण्याची जागा या दोन गोष्टी कार्यालयात सहसा एक नसतात. वसाहतीच्या सत्तेने भारतीय चित्रकाराला भिंत दिली, परंतु ती डोक्यावरची.

स्वातंत्र्यानंतर हाच प्रश्न संसद भवनात नव्या रूपाने उभा राहिला. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्या कल्पनेतून तळमजल्यावरील बाहेरच्या ओवरीत भारताच्या इतिहासाचे दर्शन घडवणारे चित्रफलक लावण्याची योजना १९५१ साली आखली गेली. मोहेंजोदडोपासून स्वातंत्र्यापर्यंतचा कालक्रम त्यात अभिप्रेत होता. उंची आणि अंतर यांच्या दृष्टीने ही जागा योग्य होती. चालणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणि रोजच्या वाटेवर. तरीही या योजनेत एक मूलभूत विसंगती राहून गेली. ही वास्तू वर्तुळाकार आहे. वर्तुळाला आरंभ नसतो. इतिहासाला मात्र, निदान या योजनेत, आरंभ आणि शेवट दोन्ही आहेत. वेगवेगळ्या द्वारांनी आत येणारा माणूस इतिहासात कोठेतरी मध्येच शिरतो आणि आपल्या कामाच्या दारापाशी मध्येच बाहेर पडतो. शिवाय प्रत्येक फलक स्वतंत्र चौकटीतील स्वतंत्र प्रसंग आहे. तो तेथून काढून संग्रहालयात लावला तरी त्याचे काही बिघडत नाही. ज्या चित्राचे स्थलांतराने काहीच बिघडत नाही, ते त्या स्थळाचे झालेच नव्हते असे म्हणावे लागते. त्या वास्तूचे नाव २०२३ पासून संविधान सदन झाले आणि संसदेचे कामकाज शेजारच्या नव्या भवनात गेले. आता त्या ओवरीतील फलक बहुतांशी अभ्यागतांसाठीच उरले आहेत. त्यामुळे ही विसंगती नाहीशी होत नाही, फक्त कमी बोचते.

५

या पार्श्वभूमीवर मुंबईतील एका कामाचा थोडा विस्ताराने विचार करणे इष्ट होईल. कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते जानेवारी १९६२ मध्ये झाले. तिच्या प्रवेशदालनातील मोठ्या भिंतीसाठी होमी भाभा यांनी निवडक चित्रकारांकडून आराखडे मागवले आणि त्यांतून मकबूल फिदा हुसेन यांचा आराखडा निवडला. तत्पूर्वी शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांच्यामार्फत पिकासोकडे विचारणा करण्याचाही भाभांचा प्रयत्न होता. हुसेन यांचे ‘भारत भाग्य विधाता’ हे भित्तिचित्र सुमारे ४५ फूट लांब आणि ९ फूट उंच आहे.

या मापांतच बरेच काही सामावलेले आहे. उंचीच्या पाचपट लांबी असलेले चित्र एका दृष्टिक्षेपात मावत नाही. समोर उभे राहून पाहावे तर कडा नजरेबाहेर जातात. पूर्ण पाहावे तर इतके मागे जावे लागते की बारकावे हरवतात. अशा चित्राला न्याय देण्याचा मार्ग एकच : त्याच्या बाजूने चालणे. प्रवेशदालनात माणसे करतात तेही हेच. म्हणजे चित्राची लांबी आणि दालनातील हालचाल यांची दिशा एक आहे. हुसेन यांनी १९५५ च्या ‘ज़मीन’ या चित्रात आडव्या पट्ट्याच्या रचनेचा मोठा प्रयोग केलेला होता; त्या अनुभवाची छाया येथे आहे. ठसठशीत रेषा आणि सपाट रंगक्षेत्रे चालत्या नजरेलाही धरून ठेवतात. छायाप्रकाशाच्या नाजूक छटांना ते साधले नसते.

येथे हुसेन यांच्या पूर्वायुष्यातील एक गोष्ट नुसती चरित्रात्मक राहत नाही. मुंबईत येऊन त्यांनी चित्रपटांचे मोठमोठे फलक रंगवले, आणि पुढे लाकडी सामानाच्या धंद्यात मुलांच्या खोल्यांसाठी सामान व खेळणी यांचे नमुने केले. रस्त्यावरून जाणाऱ्याच्या नजरेचा हिशेब आणि खोलीतल्या वस्तूचा हिशेब, हे दोन्ही त्यांनी ‘शोभे’च्या धंद्यातच शिकून घेतले होते. ललितकला आणि उपयोजित कला यांच्यामध्ये आपण जी भिंत उभी करतो, ती या भित्तिचित्रापुरती तरी टिकत नाही.

कामाशी असलेल्या संबंधाचे काय? मूलभूत भौतिकी आणि गणित यांचे संशोधन करणाऱ्या संस्थेत अणूची कक्षा किंवा दुर्बीण रंगवण्याचा मोह सहज होऊ शकला असता. तसे झाले असते तर ते चित्र संस्थेच्या नामफलकाची थोरली आवृत्ती ठरले असते. हुसेन यांनी विज्ञानाचे चित्रण न करता देशातील माणसांचे केले. त्यामुळे चित्र आणि काम यांच्यात एक अंतर राहिले, आणि हे अंतरच फलदायी आहे. आपल्या विषयात बुडालेल्या संशोधकाला ते चित्र त्याचेच काम पुन्हा दाखवत नाही. ते काम कोणामध्ये चालले आहे याची आठवण देते. आक्षेप असा घेता येईल की, शीर्षकापासून राष्ट्रगौरवाचा सूर स्पष्ट असलेले हे चित्र त्या काळच्या राष्ट्रउभारणीच्या आशावादाचे अलंकरण आहे. आक्षेपात तथ्य आहे. परंतु अलंकरणाची आपली व्याख्या स्वीकारली तर हा दोष ठरत नाही. त्या संस्थेला त्या क्षणी जे पुरेपण हवे होते ते या चित्राने दिले. त्या क्षणानंतरही ते पाहावेसे वाटते काय, हीच खरी परीक्षा, आणि रेषेच्या जोमामुळे ती परीक्षा ते पार पाडते.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. भाभांच्या पुढाकाराने जमा झालेला चित्रसंग्रह या संस्थेच्या आतल्या मार्गिकांतूनही पसरलेला आहे. त्यामुळे प्रवेशदालनातील चित्र म्हणजे अभ्यागतांपुरते सजवलेले दर्शनी दार राहिले नाही. वर ज्या तिसऱ्या पाहणाऱ्याचा उल्लेख केला, त्याची दखल येथे काही अंशी तरी घेतली गेली.

६

आजची स्थिती निराळी आहे. मोठ्या कार्यालयांत भित्तिचित्र आता सहज दिसते. किंबहुना अंतर्गत सजावटीच्या खर्चात त्याची स्वतंत्र बाब असते. परंतु पुष्कळदा ते संगणकावर तयार करून प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर छापलेले आणि भिंतीला चिकटवलेले असते. महाराष्ट्रात या कामी वारली चित्रांना विशेष मागणी आहे. वारली चित्र मुळात भिंतीचेच. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने सवाशिणी लग्नाचा चौक लिहितात आणि त्यात पालघट देवीची स्थापना होते. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ही कला कागदावर आली आणि जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांच्यासारख्या कलावंताने तिला व्यक्तिगत प्रतिभेचे परिमाण दिले. कुडावरून कागदावर येणे हे स्थित्यंतर होते. त्यात नवी निर्मिती झाली. कागदावरून कार्यालयाच्या पत्र्यावर येण्यात मात्र नक्कल होते. तारप्याभोवती फिरणारी नर्तकांची वळणदार रांग विजेच्या बटणांपाशी अर्धवट कापली जाते, आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही; कारण ती रांग तेथे नाचत नसून केवळ जागा भरत असते. येथे भिंत, दृष्टी आणि काम या तिन्ही संबंधांचा अभाव आहे. वारली कलावंताला प्रत्यक्ष बोलावून, ती भिंत दाखवून काम दिले असते, तर त्याने बटणांची वाट नक्कीच काढली असती.

भित्तिचित्र जितक्या सहज लावले जाते तितक्याच सहज काढलेही जाते, हा दुसरा धोका. जोसेफ अल्बर्स यांची ‘मॅनहॅटन’ ही लाल, काळ्या व पांढऱ्या पट्ट्यांची प्रचंड रचना १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅन अ‍ॅम इमारतीच्या प्रवेशकक्षात बसवली गेली. नूतनीकरणात २००० साली ती उतरवली गेली आणि नष्ट झाली. लोकांना तिची उणीव भासत राहिली, म्हणून २०१९ मध्ये तिची नवी प्रत त्याच जागी उभी करण्यात आली. जी रचना ‘नुसते पट्टे’ म्हणून दुर्लक्षित राहण्याची शक्यता होती, तिच्या अभावाने ती भिंत अपुरी ठरली. अलंकरणाच्या मूळ अर्थाचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण.

७

सारांश, कार्यालयातील भित्तिचित्राला अलंकारिक म्हणण्यात त्याचा अवमान नाही. अलंकार या शब्दाचा संकोच करण्यात आहे. अशा चित्राने लक्ष वेधून घ्यावे ही अपेक्षा अपुरी आहे. ज्याला रोज त्याच्याजवळून जावयाचे आहे त्याने दुर्लक्ष केले तरी चित्राने रागावू नये, आणि वीस वर्षांनी एखाद्या दुपारी त्याने मान वर केली तर त्याला रिकाम्या हाताने परत पाठवू नये. ही दुहेरी क्षमता चित्रशाळेतील पुष्कळ श्रेष्ठ चित्रांत नसते, आणि ती नसल्याचे त्यांना काही बाधत नाही. कार्यालयातील चित्राला मात्र ती असावीच लागते.

या दिशेने अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी क्षेत्र मोकळे आहे. महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्या, बँका, विमासंस्था आणि विद्यापीठे यांच्या भिंतींवरील कामांची नोंद मापांसह, जागेच्या नकाशासह आणि चित्रासमोर रोज बसणाऱ्या माणसांच्या साक्षीसह होणे आवश्यक आहे. केवळ छायाचित्र पुरेसे नाही. छायाचित्रात भिंत येते, वाट येत नाही. नूतनीकरणाचा वेग पाहता हे काम लवकर व्हावयास हवे. ज्या भिंती आज पाहता येतात त्यांतील किती पुढच्या पिढीला पाहता येतील, हे त्या भिंतींचे मालक ठरवतील. त्या का पाहाव्यात, हे सांगणे मात्र समीक्षेचे काम आहे.